शेषराव कंट्रोलरांचा राग

शेषराव कंट्रोलर शेवटपर्यंत माझ्यावर चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी त्यांच्यासोबत तीन वर्षं काम केलं. त्यानंतरची पावणेदोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

भोकरदनच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. गाडी लागली की ती कुठं जाणार, कुठून जाणार हे लोकांना सांगायचं, वहीत नोंद करायची, ड्रायव्हर-कंडक्टरची भांडणं मिटवायची, असं ते काम. स्टँडवरचा माईक बहुतेक वेळा बंदच असायचा. शेषरावांचं त्यावाचून काही अडलं नाही. ‘जालना, राजूरमार्गे जालना’ हे ते अशा आवाजात म्हणायचे की कोपऱ्यातल्या बाकावर पेंगणारी म्हातारी उठून पिशवी उचलायची. त्यात ओरडणं नसायचं. “वरडायला काय, कुणी बी वरडतं. आवाज पोचला पाह्यजे,” हे त्यांचं वाक्य मी पुढं किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही.

अंगानं बुटके, ओठ कायम घट्ट मिटलेले, शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल. चहा अर्धाच प्यायचे. उरलेला का टाकता असं एकदा विचारलं, तर दोन दिवस तोंड फिरवून बसले. रागवायला त्यांना मोठं कारण लागत नसे. उलटी छापलेली जाहिरात, वाचनालयात मोठ्यानं जांभई देणारा माणूस, पुस्तकाच्या पानाचा कोपरा मुडपणारा माणूस, कुणीही चालायचं. लोकांना रागामागं काहीतरी दुःख हवं असतं. मलाही हवं होतं. मी बरीच चौकशी केली. बायको चांगली होती, मुलगा संभाजीनगरला नोकरीला होता, दर पंधरवड्याला येऊन जायचा. काही सापडलं नाही. शेषराव नुसते रागीट होते.

जवानांच्या पोरांसाठीचं काम त्यांनी सुरू केलं तेही रागातूनच. नोकरीत असताना त्यांनी सुट्टी संपवून परत निघालेले किती तरी जवान पाहिले होते. काळी ट्रंक, सोबत आई, कडेवर मूल घेतलेली बायको. अशाच एका जवानाला गाडीची वाट पाहताना घरच्या पोराशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं. जेवला का, अभ्यास केला का, आजीला त्रास देऊ नको. तिकडून पोरानं फोन ठेवून दिला. जवानानं पुन्हा लावला, पुन्हा तेच तीन प्रश्न. शेषराव ऑफिसातून बाहेर आले आणि त्याच्यावर खेकसले, “तुमी बाप हाय का पोलीस?” तो पोरगा, म्हणजे तो जवानही पंचविशीतलाच असेल, रडकुंडीला आला. म्हणाला, मंग काय बोलू काका, मला सुचतच न्हाई.

हे ‘सुचतच न्हाई’ त्यांच्या डोक्यात बसलं. रिटायर झाल्यावर ते रोज सकाळी गावातल्या वाचनालयात येऊन बसू लागले. मी जाफराबाद रोडवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते, राहते भोकरदनला. शाळेसाठी गोष्टीची पुस्तकं न्यायला मी वाचनालयात जायची, तिथं आमची ओळख झाली. एक दिवस त्यांनी माझ्यासमोर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती ठेवल्या. एक जवानाच्या ट्रंकेत जाईल, दुसरी घरी पोरापाशी राहील. तिकडून बाप वाचेल, इकडं पोरगं त्याच पानावर बोट ठेवून ऐकेल. बोलायला सुचत नसेल तर वाचा म्हणावं. त्यांनी मला सामील व्हाल का असं विचारलं नाही. “मॅडम, लेकराला कोणतं पुस्तक बराबर ठरंल ते तुमी सांगायचं,” एवढंच म्हणाले.

तिसरे सलीमभाई. स्टँडसमोर त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोनवर नेहमी रेंज मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून जवान सुट्टीवर आला की जाण्याआधी त्याच्या आवाजात दोन-तीन पुस्तकं रेकॉर्ड करून घ्यायची असं सलीमभाईंनी सुचवलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. त्यामुळं तिथं आवाज घुमायचा नाही आणि बाहेरचे हॉर्नही आत यायचे नाहीत. स्टुलावर फोन, समोर खुर्चीत जवान आणि शेजारी लाल पेन्सिल घेऊन शेषराव.

ती शिकवणी सोपी नव्हती. स्वल्पविराम म्हणजे विनंती थांबा आणि पूर्णविराम म्हणजे डेपो, असं ते बजावायचे. डेपोत न थांबता गाडी पुढं काढली की पेन्सिल स्टुलावर आपटायची. पान संपलं की वाचणाऱ्यानं हळूच ‘पान’ म्हणायचं, म्हणजे तिकडं पोरानं उलटायचं, हाही नियम त्यांचाच. एक हवालदार आले होते, चांगले धिप्पाड. त्यांनी ससा आणि कासव असं वाचलं की कवायतीचा हुकूमच. शेषरावांनी त्यांच्याकडून ते पहिलं पान अकरा वेळा वाचून घेतलं. बाराव्या वेळी हवालदार उठून उभे राहिले. म्हणाले, मी बावीस वर्षं नोकरी करून राह्यलो, मला असं कुणी बोललं न्हाई. शेषराव बसूनच म्हणाले, “तुमची पोरगी काय दुश्मन हाय का? खाली बसा.” हवालदार बसले. तेराव्या वेळी त्यांचा आवाज इतका खाली आला की सलीमभाईंना फोन पुढं सरकवावा लागला. निघताना त्यांनी शेषरावांच्या पायाला हात लावला, तर हे पाय मागं घेऊन त्यांच्यावरच ओरडले.

सत्काराचा त्यांना तिटकारा होता. एका सव्वीस जानेवारीला त्यांना व्यासपीठावर बसवलं. जवानांच्या त्यागावर चार भाषणं झाली. यांची पाळी आली तेव्हा त्यांनी शेजारच्या पाहुण्यांना विचारलं की आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही एका जवानाच्या लेकराचं नाव सांगा. कुणालाही सांगता आलं नाही. ते खाली उतरले आणि घरी गेले. तेव्हा मला ते उर्मटपणाचं वाटलं होतं. आज वाटत नाही.

आता सुनीताबद्दल.

सुनीता माझ्याच शाळेच्या गावची सून. तिच्या सासऱ्याच्या घरी मेंढरं होती, आता थोडी शेतीही आहे. नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, आठवड्यानं घरी येणारा. लग्नाआधीच ती भरतीसाठी पळायची, लग्नानंतरही पळत राहिली आणि सीमेवरच्या दलात लागली. तिची मुलगी स्वरा माझ्या पहिलीच्या वर्गात. घरी तिला सांभाळायची आजी, कासाबाई. गावात सुनीताबद्दल काय काय बोललं जायचं ते मी वर्षभर ऐकत होते. बाप नोकरीला लांब गेला तर तो घरासाठी गेला. आई गेली तर लेकरू टाकून गेली. हेच लोक पंधरा ऑगस्टला तिचा फोटो लावायचे.

सुनीता वाचायला बसली तेव्हा शेषरावांना एकदाही पेन्सिल आपटावी लागली नाही. तिनं वाचता वाचता पुस्तकातल्या बकरीला घरच्या बकरीचं नाव देऊन टाकलं. मी अडवणार होते, शेषरावांनी हातानंच मला गप्प केलं. ती गेल्यावर चौकीवरूनही, रेंज मिळेल तेव्हा, पाच-सात मिनिटांचं वाचून पाठवायची. ते शेषरावांकडं आणि माझ्याकडं यायचं, मी शाळा सुटल्यावर कासाबाईच्या घरी नेऊन स्वराला ऐकवायची. कासाबाईला अक्षर येत नव्हतं, पण ‘पान’ ऐकलं की तिचा हात स्वराच्या आधी पुढं यायचा. स्वरा तो हात बाजूला सारायची. हे मी दर वेळी पाहत होते. या कामात यापेक्षा जास्त काही असतं असं मला वाटत नाही.

मग महिला दिन आला. शाळेत कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या भागातले एक पुढारी होते, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. सुनीताचं नाव निघालं, तिचा सत्कार तिच्या गैरहजेरीत कासाबाईला नारळ देऊन झाला, आणि मी व्यासपीठावर उभी राहून आमच्या कामाची माहिती सांगितली. टाळ्या पडल्या. भाऊ म्हणाले, मॅडम, एखादं ऐकवा ना, गावाला कळू द्या. मी ऐकवलं. आदल्याच रात्री आलेलं होतं, स्वरालाही अजून ऐकवलं नव्हतं. मी स्वतः ते शेवटपर्यंत ऐकलेलंही नव्हतं.

शाळेच्या कर्ण्यातून सुनीताचा आवाज आला. स्वरा पहिल्या रांगेत बसली होती. तिनं आधी मागं वळून पाहिलं, मग फाटकाकडं. आई आली असं तिला वाटलं असणार. गोष्ट संपली आणि आवाज पुढं चालूच राहिला. सुनीता पोरीशी बोलत होती. इथं आमच्या चौकीच्या खाली लाकडी पूल हाय, त्येच्या पलीकडं दुसऱ्या देशातलं गाव दिसतं, तिथं बी तुझ्याएवढी पोरगी हाय, ती रोज पाणी भरती. मंग मला तुझी आठवण येती. रजा मागितली, अजून भेटली न्हाई. आणि मग ती थोडी रडली. सगळं गाव ऐकत होतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. स्वरा उठली आणि शाळेच्या मागच्या बाजूला निघून गेली. मी ते पाहिलं. पाहूनही कार्यक्रम चालू ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर भाऊंनी ते रेकॉर्डिंग मागितलं आणि मी पाठवून दिलं. त्याला किती वेळ लागतो? एक बोट लागतं. मला अभिमान वाटत होता. कुणाचा, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ होऊन सगळ्यांच्या फोनवर होता. सुनीताचा वर्दीतला फोटो, फडकणारा झेंडा, मागं ढोल-ताशे, मध्ये तिचं रडणं आणि खाली भाऊंचा हात जोडलेला फोटो. पूल, चौकी, पलीकडचं गाव, सगळं त्यात तसंच होतं.

तिच्या वरिष्ठांनी तिला बोलावून घेतलं. चौकीची जागा अशी गावभर फिरत असेल तर ते तरी काय करणार. चौकशी लागली, फोन जमा झाला. घरी महिना-दीड महिना तिचा आवाज आला नाही. नवऱ्याशी तिला तिथल्या ऑफिसच्या फोनवरून दोन मिनिटं बोलायला मिळालं, त्यात तिनं एवढंच विचारलं की हे कुणी दिलं.

शेषरावांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता ओरडतील, मी त्याची तयारी करून गेले होते. ते उठले, चपला घातल्या आणि भाऊंच्या ऑफिसात गेले. मी मागं गेले. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, शाल मागवली. शेषराव म्हणाले, शाल नको, ते काढून टाका. भाऊ हसून म्हणाले, काका, गावाचं नाव झालं त्यानं, लोक कौतुक करून राह्यले, तुमी खालचं वाचा तरी. शेषराव म्हणाले, “बराबर हाय. वाचतो.”

दोन दिवस त्यांनी ते वाचलं. सलीमभाईंच्या दुकानात बसून, व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं सगळं, एका वहीत स्वतःच्या अक्षरात, नाव-गावासकट उतरवून घेतलं. तिसरा दिवस आठवडी बाजाराचा होता. भाऊंचं ऑफिस बाजाराच्या तोंडाशीच आहे. सकाळी अकराच्या सुमाराला शेषराव त्या ऑफिसच्या पायरीवर उभे राहिले आणि वाचू लागले.

बसस्टँडवर गाड्या सांगायचे अगदी त्याच आवाजात. आधी गाव, मग नाव आणि आडनाव, मग ‘यांचं म्हणणं असं’. रडायचं होतं त भरती कामून झाली. लेकरू टाकून बाईला बंदूक कशाला पाह्यजे. नवऱ्यात काही खोट असंल. रजा पाह्यजे म्हून नाटक. काही तर इथं लिहिण्यासारखं नाही, त्यांनी तेही वाचलं, एक शब्द न गाळता आणि एकाही शब्दावर जोर न देता. सुरुवातीला लोक हसले. कंट्रोलर काका येडे झाले म्हणाले. मग एका मिरचीवाल्याचं नाव आलं. तो तिथंच बसलेला होता. मग एका शिक्षकाचं आलं, तो माझा सहकारी. मग एका बाईचं. हसणं थांबलं. जो तो आपलं नाव येतं का ते ऐकायला उभा राहिला, आणि काही जण ऐकायच्या आधीच पिशव्या उचलून चालते झाले. त्या बाजारात त्यांचा आवाज पोचला नाही असं एकही दुकान नव्हतं.

भाऊ बाहेर आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काका आत चला, चहा घेऊ. शेषरावांनी पान उलटलं आणि भाऊंचं नाव वाचलं, गाव वाचलं आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं वाचलं. आमच्या मातीची वाघीण, आम्हाला गर्व आहे. ते वाचतानाही आवाज तोच होता.

दुपारी भाऊंनी व्हिडिओ काढला. तोवर तो कुठं कुठं गेला होता ते सलीमभाईंनाही सांगता येईना.

शेषरावांनी वही बंद केली आणि पायरी उतरून माझ्यासमोर आले. मी रडत होते. ते म्हणाले, “तुमचं नाव वाचलं न्हाई मॅडम. तुमी लिव्हलं न्हाई काही. तुमी दिलं.” मी माफी मागितली. “माझ्याकडं कशाला मागता? माझा आवाज हाय का तो?” असं म्हणून ते निघून गेले. त्यानंतर वाचनालयाच्या मागच्या खोलीत मला बोलावणं आलं नाही.

मी सुनीताची माफी मागितली, ती पुढं रजेवर आली तेव्हा. ती स्वराच्या वेण्या घालत होती. म्हणाली, मॅडम, तुमी चांगल्यासाठीच दिलं असंल. पण आता मी फोनवर बोलतानी आधी इचारते, कोण कोण ऐकून राह्यलं म्हून. ती रागानं बोलली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि स्वरा. फोन परत मिळाल्यावर सुनीतानं एकदा वाचून पाठवलं, या वेळी फक्त शेषरावांना. ते जीपनं गावाला गेले. स्वरानं कानावर हात ठेवले. कासाबाईनं समजावलं तेव्हा म्हणाली, ते आता सगळ्यांचं झालंय, मला नको. सहा वर्षांची पोर. कासाबाईनं हे मला सांगितलं तेव्हा मला भाऊंचा राग आला, मिरचीवाल्याचा आला, त्या कर्ण्याचा आला. स्वतःचा राग सगळ्यांत शेवटी आला, कारण तोच सगळ्यांत जड होता. स्वरानं आईचं रेकॉर्डिंग पुन्हा कधी ऐकलं नाही. आई रजेवर आली की समोर बसवून तिच्याकडून वाचून घेते. आई गेली की पुस्तक कपाटात. याच्यावर कुणाचा सत्कार झाला, कुणाचं कौतुक झालं, आणि पोरीचं जे गेलं ते गेलंच.

शेषराव मात्र दर आठवड्याला त्या घरी जात राहिले, हे मला कासाबाईकडूनच कळायचं. स्वराला एकदाही ऐक म्हणाले नाहीत. ओट्यावर बसायचे, कासाबाईशी पाऊसपाण्याचं बोलायचे, अर्धा चहा टाकायचे, नवं पुस्तक ठेवायचे आणि निघायचे. बाकीच्या घरांचं कामही ते आणि सलीमभाई चालवत होते. माझ्या शाळेतल्या दुसऱ्या एका जवानाच्या मुलाला पुस्तक द्यायचं होतं, तर ते मुख्याध्यापकांकडं दिलं, मी समोर उभी असताना.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं म्हणून जालन्याच्या एका दवाखान्यात दाखल केलं. सलीमभाईंनी मला कळवलं. जाऊ की नको यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शाळेची रजा टाकून गेले.

दुपारची वेळ होती. ते एकटेच होते. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. अंग निम्मं झालं होतं, ओठ मात्र तसेच मिटलेले. मी तब्येत विचारली, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी जायला वळले तेव्हा म्हणाले, “ते अजून हाय का तुमच्या फोनात?”

होतं. ते मी का ठेवलं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. कधी कधी मी ते लावायची, शेवटचा भाग येण्याआधी बंद करायची. मी हो म्हणाले.

“काढा. माझ्यासमोर.”

मी फोन काढला, शोधलं, डिलीट केलं. त्यांनी मान हलवली. “कचऱ्याच्या डब्यात महिनाभर ऱ्हातं म्हणे, सलीम सांगत व्हता. तिथून बी.” मी तिथूनही काढलं. त्यांनी हात पुढं केला. मी फोन दिला. उशीखालचा चष्मा काढून त्यांनी लावला, स्क्रीन डोळ्यांजवळ धरली आणि तो रिकामा डबा बराच वेळ पाहिला. मग फोन माझ्या हातात न देता कॉटच्या कडेला ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यांचा एक पाय पांघरुणाबाहेर आला होता. पांघरूण ओढून द्यावं असं वाटलं. दिलं नाही. फोन उचलला आणि बाहेर आले.